सोळाशे फेऱ्यांची मोटर

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याच्या पंपांच्या मोटरी भरून देणारा एक छोटा कारखाना होता, आणि तिथे ज्योतीचा हात सगळ्यांत साफ. मोटर भरायची म्हणजे जळलेली जुनी तार उपसून काढायची आणि तिच्या जागी नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी मोजून बसवायची. एक वेटोळं जरी चुकलं तरी मोटर कुरकुरते, असं ज्योती म्हणायची. मूळची ती चंदगडकडची. भाऊ बांधकामावर गोव्यात आला, त्याच्या मागोमाग ती आली. भाऊ चार वर्षांनी गावी परतला, ज्योती राहिली. आता ती तेहतीस वर्षांची झाली होती. घरच्यांनी लग्नाचं विचारणं सोडून दिलं होतं आणि तिला त्यात सुटल्यासारखंच वाटत होतं.

मयेला कृष्णनाथ आणि पद्मावती यांच्या घराची मागची खोली तिने भाड्याने घेतली, त्याला सहा वर्षं झाली होती. पद्मावतीकाकीने सोलकढी केली की एक वाटी मागच्या दाराने जायची. ज्योती गावाहून आली की नाचण्याचं पीठ पुढच्या दाराने यायचं. भाड्याची आठवण दोन्हीकडच्यांना महिन्यातून एकदाच व्हायची.

कृष्णनाथ तीस वर्षं खनिज वाहणाऱ्या बार्जवर ड्रायव्हर होते. ड्रायव्हर म्हटलं की सुकाणू धरणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, पण बार्जचं तसं नसतं. सुकाणू वर तांडेलाच्या हातात. ड्रायव्हर खाली, दोन दांडग्या डिझेल इंजिनांच्या मध्ये. वरून घंटा वाजते, एक म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, आणि खालचा माणूस तेवढं करतो. सारमानसच्या धक्क्यावर माल भरायचा, मांडवीतून मुरगांवला न्यायचा, रिकामं परत यायचं. मग एका सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. बार्जी नदीत ओळीने बांधून ठेवल्या गेल्या आणि खलाशी, तांडेल, ड्रायव्हर आपापल्या घरी आले. त्याला आता सव्वा वर्ष होत आलं होतं.

पहिले दोन महिने कृष्णनाथ रोज धक्क्यावर जाऊन येत. मग दिवसाआड. मग बंदच. सकाळी पाव विकणारा पोदेर भोंगा वाजवत यायचा, तेव्हा ते जनेलापाशी, म्हणजे पुढच्या खिडकीशी, कदेल ओढून बसायचे ते दुपारच्या जेवणापर्यंत त्या खुर्चीतच.

"आमच्या जनेलाक पाच गज आसात," पद्मावतीकाकी एकदा ज्योतीला म्हणाली. "सवो गज हो बसला."

विनोद करताना तिचा आवाज कापला, म्हणून ज्योती हसली नाही.

नोव्हेंबरात एका शनिवारी कारखान्यातली प्रतीक्षा एक गोणी घेऊन आली. ती हरमलची. तिच्या घरच्यांनी तीन खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या होत्या. दोन महिने राहिलेला एक पाहुणा जाताना आपली खेळण्यातली बोट तिथेच टाकून गेला होता.

"तू मोटरी भरतेस न्हय?" प्रतीक्षा म्हणाली. "हिची जळली. जाता जाल्यार पळय. ना जाल्यार कचऱ्यांत उडय."

ज्योतीने गोणीत हात घातला. आत हाताएवढी लांब, खाली धार असलेली, लाल रंगाची फायबरची बोट होती. सोबत बॅटरी, आणि पिस्तुलासारखा धरायचा रिमोट. त्याच्या बाजूला एक छोटं चाक आणि बोटाजवळ घोडा. चाक फिरवलं की सुकाणू वळतं, घोडा दाबला की मोटर फिरते. निदान फिरायला हवी होती. झाकण उघडताच जळलेल्या वॉर्निशचा वास आला.

दुसऱ्या दिवशी रविवार. ज्योतीने अंगणात चटई टाकली, बोट उपडी करून स्क्रू काढले आणि मोटर बाहेर घेतली. अंगठ्याएवढ्या जाडीची, साधारण दोन इंच लांब. पंपाच्या मोटरीपुढे अगदी लेकरू. मागचं झाकण उघडून तिने वेटोळी उजेडात धरली. सगळी सारखीच काळी पडली होती.

"काकी, बघा की," ती म्हणाली. "एखादीच बाजू जळली असती तर म्हटलं असतं तार तुटली, शॉर्ट झाला. ही सगळी एकसारखी भाजल्यात. तापून तापून जळलीय."

तिने मोटरीभोवतीची पाण्याची बारीक नळी फुंकून पाहिली. तिच्यातून वाळू बाहेर आली. बोट पळताना तळ्यातलं नाहीतर समुद्रातलं पाणी ह्या नळीतून फिरतं आणि मोटर थंड ठेवतं; नळीत वाळू बसली की मोटर तापणारच.

"हां," ज्योती म्हणाली. "वाळूनं घात केला. आणि मोटर पण हलकीच असणार."

"मोटरीचो दोष ना."

आवाज जनेलातून आला होता. दोघी बायकांनी माना वळवल्या.

"ती हातात हाड. मोटर न्हय, बोट. मागची बाजू माका दाखय."

ज्योती उठून बोट जनेलाजवळ घेऊन गेली. कृष्णनाथांनी गजांतून हात बाहेर काढून मागचा पंखा फिरवला. पितळेचा, दोन पात्यांचा, रुपयाच्या नाण्याहून जरासा मोठा.

"पळय. पात्याचें तोंड बुडाक घासता, हांगा रंग गेला. हो पंखो ह्या बोटीचो न्हयच. कोणी तरी मागीर मोठो घातलो, चड धावतली म्हणून. आनी हो नट नवो आसा, बाकीचे सगळे जुने." त्यांनी पंखा सोडला. "लहान बैलाक मोठो नांगर लावलो. बैल मेलो. आतां बैलाक गाळी कित्याक दितेस?"

एवढं एका दमात ते वर्षभरात बोलले नव्हते. पद्मावतीकाकी हातातली बालदी तशीच धरून उभी राहिली. थोड्या वेळाने कदेल मागे सरकल्याचा आवाज आला आणि कृष्णनाथ पायात चपला अडकवून अंगणात आले. चटईवर बसले. ज्योतीकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला.

त्या आठवड्यात ज्योतीला तळ्याजवळच्या बसथांब्यावर एक कागद चिकटवलेला दिसला. पणजीचा एक हौशी क्लब जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मयेच्या तळ्यावर रिमोटच्या बोटींची शर्यत घेणार होता. कोणीही भाग घ्यावा. ज्योतीने बस येईपर्यंत तो कागद तीनदा वाचला आणि संध्याकाळी फोन करून नाव देऊन टाकलं. नाव दिलं ते कृष्णनाथांचं.

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातही सांगून टाकलं. इतकंच नव्हे, आम्ही पहिले येणार, असंही बोलून गेली.

आता मोटर हवी होती. जळलेली भरता येईल का, हे ज्योतीने आधी पाहिलं. पण आतलं लोखंडच तापून वाकडं झालं होतं. नवीच घ्यावी लागणार. म्हापशाला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर खेळण्यातल्या विमानांचं सामान मिळतं, असं तिला कळलं. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कृष्णनाथ इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर येऊन उभे राहिले, तेव्हा काकीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही ते मुरगांवहून आत्ताच परतले आहेत.

दुकानाचा मालक शिवदास हसतमुख आणि बोलघेवडा होता. त्याने जुनी मोटर उलटीपालटी केली, मान हलवली.

"ही आता मिळत नाही. हिच्यासारखी, दोन हजार फेऱ्यांवाली, मागवायची तर दीड महिना. शर्यत कधी आहे? मग माझ्याकडे आहेत त्यातूनच बघा."

त्याने काउंटरवर तीन मोटरी ओळीने मांडल्या.

पहिली विमानाची. तिचं बाहेरचं कवचच गरागरा फिरायचं. "ही स्वस्त, पण हिला वारा लागतो, पाणी नाही," शिवदास स्वतःच म्हणाला. "बोटीच्या बंद पोटात कोंडून मरेल." ती त्याने बाजूला सारली. दुसरी आखूड, निळी, चकचकीत. "ही घ्या. एका व्होल्टला मिनिटाला एकोणचाळीसशे फेरे. तुमची जुनी होती दोन हजारांची. जवळजवळ दुप्पट! सगळे हीच नेतात." तिसरी लांबट, काळी, वजनदार. तिच्या डब्यावर धूळ होती. "ही सोळाशेची. दोन वर्षं पडून आहे. सावकाश फिरते म्हणून कोणी हात लावत नाही."

"एका व्होल्टाक सोळाशें?" कृष्णनाथांनी विचारलं. "आनी बॅटरी किती व्होल्टाची?"

"अकरा."

कृष्णनाथांचे ओठ हलले. मग ते हळूच म्हणाले, "सतरा हजार फेरे. मिनिटाक." त्यांच्या बार्जचा पंखा मिनिटाला चारशे फेरे घ्यायचा, आणि त्यावर हजार टन माल हलायचा. "ही सावकाश?"

शिवदास हसला. ज्योतीचं लक्ष मात्र निळ्या मोटरीवरून हटत नव्हतं. दुप्पट वेग. तिच्या डोळ्यांसमोर कारखान्यातल्या बायकांचे चेहरे आले.

"काका, निळी घेऊ या की."

"काळी घेवया."

"शर्यत हाय ओ, फेरीबोट नव्हं!"

कृष्णनाथ रागावले नाहीत. "बाय, तो मोठो पंखो अजून थंयच आसा न्हय? दोन हजारांच्या मोटरीक जो भार सोसलो ना, तो एकोणचाळीसशेंची कशी सोसतली? मोठ्या पंख्याक सावकाश मोटरच शोभता. मोटर पंख्याक शोभपाक जाय."

"मग पंखा बारका घालू आणि निळी घेऊ."

"तसले बारीक पंखे संपलेत," शिवदास म्हणाला. त्याला ही जोडी आता आवडू लागली होती, त्यामुळे त्याने खरं ते सांगितलं. "आणि निळीला तुमचा करंट सांभाळणारा डबा पण मोठा लागेल."

ज्योतीने निळी मोटर उचलली आणि मागच्या फटीतून आत पाहिलं. तार जाड, वेटोळी मोजकी. मग काळी उचलली. तार बारीक, वेटोळी दाट. इतक्या वर्षांच्या सवयीने तिची नजर आपोआप मोजू लागली. थोडी वेटोळी म्हणजे विजेला मोकळी वाट. भार आला की करंट लोंढ्यासारखा घुसणार. जुन्या मोटरीची ती काळी ठिक्कर पडलेली तार तिला दिसली. पंपाच्या मोटरीबद्दल कोणी विचारलं असतं, तर तिने क्षणात उत्तर दिलं असतं. इथे मात्र तिला जिंकायचं होतं, म्हणून तिने स्वतःचंच ज्ञान बाजूला ठेवलं होतं. तिला जरा लाज वाटली.

"काळीच द्या," ती शिवदासला म्हणाली. "हिचं वायंडिंग चांगलं भरलंय. दाबून, एकसारखं."

शिवदासने डब्यावरची धूळ पुसली आणि फडक्यात एक नळीचा तुकडा फुकट बांधून दिला.

घरी आल्यावर कळलं की काळी मोटर जुनीपेक्षा एक इंच लांब आहे आणि बॅटरीच्या जागेत घुसते आहे. बॅटरी मागे सरकवली. पहाटे तळ्यावर बोट सोडून पाहिली, तर ती नाक वर करून उड्या मारत गेली आणि दहा हातांवर उलटली.

"नाक वयर करून कशी चलता, पळय," काठावरून पद्मावतीकाकी म्हणाली. "सामकी आमची धाकटी जाव."

ज्योती गुडघाभर पाण्यात जाऊन बोट घेऊन आली. कृष्णनाथ मात्र खूश दिसत होते. हे दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं. बार्जमध्ये माल मागे जास्त पडला की तीही अशीच नाक उचलते, आणि पुढे जास्त पडला तर पाण्यात तोंड खुपसते. तीन सकाळी त्यांनी बॅटरी पुढे घातली, मागे घातली, आडवी घातली. आडवी बसली तेव्हा बोट पाण्यावर सपाट झाली आणि मागे पांढरी रेघ ओढत सरळ निघाली. मोटरीला हात लावून पाहिला, तर नुसती कोमट.

"आता तुम्ही चालवा," ज्योतीने रिमोट पुढे केला. इतके दिवस तीच चालवत होती.

"मी? ना गो. मी खाली बसणारो माणूस."

"नाव तुमचं दिलंय."

"माझें? कोणाक विचारून?"

"कोणालाच नाही विचारलं."

कृष्णनाथांनी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. पद्मावतीकाकी तळ्यातली कमळाची पानं मोजण्यात गुंतली होती. त्यांनी रिमोट घेतला. घोडा त्यांना लगेच जमला. किती दाबायचा, कधी सोडायचा, हे त्या हाताला माहीत होतं. चाक मात्र जमेना. उजवीकडे जायचं तर बोट डावीकडे जायची, आणि आपल्याकडे तोंड करून येताना तर सगळंच उलट व्हायचं. तीस वर्षं इतकं पाणी पायाखालून गेलं, पण कुठे वळायचं हे त्यांना एकदाही ठरवावं लागलं नव्हतं. पहिल्या दिवशी बोट दोनदा काठावर आदळली. आठव्या दिवशी त्यांनी दोन काठ्यांमधून तिला आठाच्या आकड्यात फिरवलं आणि कोणी पाहत नाही असं समजून स्वतःशीच हसले.

शर्यतीच्या रविवारी तळ्याच्या काठावर बरीच माणसं जमली. नऊ बोटी होत्या. पाण्यात तीन नारिंगी पिंपं तरंगत होती, त्यांना सहा फेऱ्या मारायच्या. बंद पडलेल्या बोटी उचलून आणायला पायांनी चालवायची एक होडी आणि तीत दोन स्वयंसेवक ठेवले होते. कारखान्यातून प्रतीक्षा आणि आणखी चौघीजणी आल्या होत्या. कृष्णनाथ इस्त्रीच्या शर्टात, चपला काढून, रांगेत शेवटी उभे होते. बाकीचे सगळे तरुण, टोप्या आणि गॉगल लावलेले.

शिट्टी वाजली. हरमलच्या साईशची पांढरी बोट बाणासारखी सुटली. साईश पस्तिशीचा, हरमलला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या त्याच्या चार होड्या होत्या, आणि ही त्याची हौस. त्याच्या मागे बाकीच्यांची झुंबड. पहिल्या वळणावर दोन बोटी एकमेकींवर चढल्या आणि उलटल्या. लाल बोट सातवी होती.

"दाबा की काका!" ज्योती ओरडली.

कृष्णनाथांनी ऐकलं नाही, की ऐकूनही दाबलं नाही, कोण जाणे. ते वळणाआधी घोडा सोडत, वळण झालं की हळूहळू दाबत. दुसऱ्या फेरीत डोंगराकडून वारा सुटला आणि पाण्यावर लाटा उठल्या. हलक्या, वेगवान बोटी लाटांवर उडू लागल्या. एक उलटली. एक शेवाळात अडकली. तिसऱ्या फेरीला लाल बोट पाचवी, चौथ्या फेरीला तिसरी. पाचवी संपताना ती दुसरी होती, आणि पुढे फक्त साईशची पांढरी.

ज्योती पाण्याच्या कडेपर्यंत पुढे सरकली होती. प्रतीक्षाने तिचा दंड घट्ट धरला होता.

शेवटच्या फेरीत, पलीकडच्या पिंपाजवळ, पांढऱ्या बोटीतून धुराची बारीक रेघ निघाली. बोट थांबली. लाटेवर एकदा डोलली, आणि तिची एक बाजू पाण्यात कलली. काठावरून साईश "अरे! अरे!" करत धावला. वारा तिला तळ्याच्या सांडव्याकडे ढकलत होता, आणि आत पाणी शिरत होतं. पायांची होडी पार दुसऱ्या टोकाला, उलटलेल्या बोटीपाशी होती.

लाल बोटीपुढे आता कोणीच नव्हतं. अर्धी फेरी उरली होती.

लाल बोट पिंपाला वळसा घालायला आली आणि वळलीच नाही. सरळ पुढे गेली.

"काका! उजवीकडं! उजवीकडं ओ!" ज्योती किंचाळली.

"ती बुडता," कृष्णनाथ म्हणाले. नजर पाण्यावरून हलली नाही.

त्यांनी घोडा जवळजवळ सोडला. बोट हलकेच वळून पांढरीच्या पलीकडच्या अंगाला गेली, नाक तिच्या कुशीला टेकवलं, आणि मग घोडा पुन्हा दाबला जाऊ लागला, इतका सावकाश की मोटरीचा आवाजही बदलला नाही. एखादी वेगाची मोटर असती तर ती वर चढली असती, नाहीतर धडक देऊन बाजूला घसरली असती. काळी मोटर नुसती ढकलत राहिली. लाटांना तोंड देत, हातभर, दोन हात, दहा हात. मागून तीन बोटी गेल्या. शर्यत संपल्याची शिट्टी वाजली. तेव्हा लाल बोट पांढरीला काठाच्या गवतात टेकवत होती.

ज्योती गर्दीतून बाहेर पडली आणि माडांकडे निघून गेली. रडू येत होतं आणि रडू येतंय याचाही राग येत होता. उद्या कारखान्यात काय सांगायचं? जिंकत होतो, पण काकांनी वाटेतच दुसरं काम काढलं?

थोड्या वेळाने कृष्णनाथ तिच्या शेजारी येऊन बसले. बोट मांडीवर, रुमालाने पुसत.

"रागावलंस?"

"हो."

"रागव." रुमाल बोटीवर फिरत होता. "बाय, खूप वर्सां जालीं. आमची बार्ज मुरगांवाहून परत येताली. मी खाली. इंजिनाच्या आवाजांतसून कोण तरी आड्डता, बोब मारता, अशें आयकूंक आयलें. वयर घंटा वाजली ना. मी इंजिन चालू दवरलें. धक्क्यार आयल्यार कळलें, एक मासेमारी होडी उलटल्ली, दोगजाण पाण्यांत आशिल्ले. तांडेलाक ते दिसूंक नात. मागच्या बार्जीन तांकां काडले, वांचले. पण आमी थांबूंक ना. माका दिसूंक ना, तर मी कितें करतलों? अशें रोज म्हणतालों." रुमाल पंख्यावर येऊन थांबला. "आज दिसलें. घंटा वाजवपाक कोण नाशिल्लो. माझ्याच हातांत सगळें."

 ज्योतीने हात पुढे करून मोटरीवरचं झाकण काढलं आणि तळहात टेकवून पाहिला. एवढं ढकलूनही कोमटच होती.

"पण ढकललीत झकास," ती शेवटी म्हणाली.

"मोटर बरी," कृष्णनाथ म्हणाले.

तेवढ्यात साईश आला, पांढरी बोट काखेत, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मागून क्लबचे दोघे-तिघे. त्याने आधी दोन्ही हात जोडले आणि मग एका दमात विचारलं, "काका, इतक्या सावकाश ती चलता कशी? कसली मोटर घातल्या?"

कृष्णनाथांनी ज्योतीकडे हात केला. "तिका विचार. आतलें तिका कळता."

मग झाडाखालीच बैठक बसली. ज्योतीने साईशची जळलेली मोटर उघडली, वेटोळी उजेडात धरली आणि काय झालं ते सांगितलं. कृष्णनाथांनी पंखा फिरवून का झालं ते सांगितलं. टोप्या-गॉगलवाले गुडघे टेकून ऐकत होते. एकाने आपली दुसरी जळकी मोटर गाडीतून आणली. पद्मावतीकाकी पिशवीतून उंडे, म्हणजे गोल पाव, आणि भाजी घेऊन आली आणि कोणाचंही नाव न विचारता प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवत गेली. प्रतीक्षा येऊन ज्योतीच्या कानात म्हणाली, "पयलो नंबर आयलो ताका कोण विचारीना गो." खरंच, बक्षीस घेतलेला मुलगाही याच घोळक्यात उभा होता.

दुसऱ्या आठवड्यात साईश मोटरसायकलने मयेला आला. त्याच्या होड्यांची इंजिनं सारखी बंद पडत होती, आणि हरमलला त्यांना नीट समजून घेणारं कोणी नव्हतं. काका येतील का?

"मी डिझेलाचो माणूस," कृष्णनाथ म्हणाले. "तुमचीं इंजिनां पेट्रोलाचीं. माका येवचें ना."

"शिकाल," ज्योती म्हणाली.

"ह्या पिरायेर? केंस पिकल्यार शिकूं?"

"आठ दिवसांत सुकाणू शिकलात की."

पद्मावतीकाकीने मध्ये तोंड घातलं नाही. तिने फक्त सोमवारी पहाटे उठून डबा भरला आणि ओसरीवर ठेवला. कृष्णनाथांनी त्या डब्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग हरमलला जायला म्हापशाची बस कितीला आहे ते विचारलं.

फेब्रुवारी लागेपर्यंत ते आठवड्यातून चार दिवस हरमलला जाऊ लागले होते. संध्याकाळी अंगाला पेट्रोलचा वास घेऊन परतायचे आणि जेवताना इंजिनांच्या तक्रारी अशा सांगायचे, जशा कोणी शेजाऱ्यांच्या भानगडी सांगतं. जनेलाजवळचं कदेल काकीने स्वयंपाकघरात नेलं. तिला वरच्या फळीवरचे डबे काढायला ते बरं पडत होतं. रविवारी अंगणात ज्योतीची चटई असायची. क्लबच्या माणसांनी पाठवलेल्या अंगठ्याएवढ्या मोटरी तिच्यासमोर मांडलेल्या, आणि ती केसासारखी बारीक तार चिमटीत धरून वेटोळी मोजत असायची. अशा मोटरी भरता येतात, हे गोव्यात कोणाला माहीत नव्हतं; तिलाही नव्हतं. पहिल्या दोन फुकट गेल्या. तिसरी फिरली.

एका गुरुवारी दुपारी ती कारखान्यात जेवायला बसणार, इतक्यात फोन वाजला. मागून समुद्राचा आवाज येत होता.

"बाय, हांगा एका होडीचो स्टार्टर जळला. आत तुझी तांब्याची तार आसा. सगळी एकसारखी काळी ना, एकाच बाजूक. ती कसली गो जळप?"

"एकाच बाजूला? मग भार नव्हं, शॉर्ट असणार. आता आणखी उघडू नका, काका. तसाच ठेवा."

"दवरलो. पण शनवारा सकाळीं होडी भायर वचपाची आसा." पलीकडे कोणीतरी काहीतरी विचारलं, त्याला ते म्हणाले, "थांब मरे, आमच्या वायंडरीणीक विचारतां." आणि पुन्हा फोनमध्ये, "तू येतेस?"

ज्योतीने डबा बंद केला. मुकादमाच्या टेबलाशी जाऊन उद्याची रजा मागितली. कशाला म्हणून त्याने विचारलं.

"हरमलला एक मोटर बघायची हाय," ती म्हणाली, आणि कोणत्या जाडीची तार बरोबर न्यावी, याचा विचार करत कपाटाकडे वळली.